बुडबुडा नसलेली काच

स्लाइडच्या उजव्या कोपऱ्यात, वरच्या पातळ काचेखाली, मोहरीएवढा हवेचा एक बुडबुडा होता. शनिवारी संध्याकाळी होता. सोमवारी सकाळी तो नव्हता.

डॉ. प्रज्ञा भिंगारदिवे यांनी स्लाइड मायक्रोस्कोपखालून काढली, खिडकीच्या उजेडात धरली, तिरकी केली. काच स्वच्छ होती. दोन काचांमधलं चिकटद्रव्य एकदा वाळलं की त्यात अडकलेला बुडबुडा कुठे जात नाही. वीस वर्षांनीही तो तिथेच सापडतो.

काचेच्या टोकाला कोरलेला आकडा मात्र तोच होता. चारशे सतरा.

तिने स्लाइड परत लावली आणि डोळा टेकवला. निरोगी जठराचं अस्तर. ग्रंथी ओळीत, पेशी एकमेकींना बिलगून. शनिवारी याच आकड्याच्या काचेवर तिने वेगळंच पाहिलं होतं. पेशीचं केंद्र एका कडेला ढकललेलं, मध्ये फुगीर पोकळी. खडा बसवलेल्या अंगठीसारखा आकार. अशा पंचवीस-तीस अंगठ्या, एकेकट्या, सुट्या, भलत्याच ठिकाणी शिरलेल्या. जठराचा सर्वांत दगलबाज कॅन्सर. गाठ दिसत नाही, व्रण दिसत नाही. दिसायला लागतो तेव्हा उशीर झालेला असतो.

सहा तुकड्यांपैकी एकाच तुकड्यात त्या पेशी होत्या. दुसऱ्यांदा पोटात दुर्बीण घातली तर तोच तुकडा हाती लागेल याची खात्री नव्हती. आत्ता ऑपरेशन झालं तर ती बाई वाचण्यासारखी होती. आणि पुरावा नाहीसा झाला होता.

"गोरक्ष!" प्रज्ञाने हाक मारली.

सावेडीतल्या औषधाच्या दुकानावरच्या दोन खोल्या, ही तिची लॅबोरेटरी. माणसं तीन. गोरक्ष अकरा वर्षांपासून मेणाचं काम करत होता: आलेला तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवायचा, त्याचे केसाहून पातळ काप काढायचे, रंगवायचे, काचेवर चढवायचे. शुभांगी नरवडे एम.एस्सी. झालेली, रक्त-लघवीच्या तपासण्या आणि रिपोर्ट टाइप करणं तिच्याकडे. छबूबाई झाडलोट करायची आणि बाटल्या धुवायची.

"चारशे सतराचा ब्लॉक काढ. नवा काप हवा."

गोरक्ष कपाटाशी गेला. खण ओढल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काही नाही.

"मॅडम, चारशे सोळा आहे. चारशे अठरा आहे."

"आणि मधला?"

"मधली जागा रिकामी आहे."

प्रज्ञा स्वतः उठली. खणातल्या मेणाच्या ठोकळ्यांवर बोट फिरवत ती मागे मागे गेली. फेब्रुवारीपाशी थांबली. सगळ्या ठोकळ्यांच्या तोंडावर धुळीची मळकट साय होती. एकाच ठोकळ्याचं तोंड ताजं कापल्यासारखं चकचकत होतं. तीनशे बारा. तिने रजिस्टर उघडलं. जठराची बायोप्सी, निरोगी.

कोणीतरी तीनशे बारामधून नवा काप काढला होता, रंगवला होता, आणि त्या काचेवर चारशे सतरा कोरलं होतं.

"या गावात हे काम किती जणांना येतं, गोरक्ष?"

"आपल्या लॅबमध्ये म्हणाल तर मलाच."

"शनिवारी मी गेल्यावर कुलूप कोणी लावलं?"

"मीच."

"रविवारी कुठे होतास?"

"मेव्हण्याकडे जागरण होतं, राहुरीला." त्याचा चेहरा लाल झाला. "मॅडम, तुम्ही माझ्यावर..."

"मी विचारते आहे."

"विचारा की! अकरा वर्षं तुम्ही मला त्या बुडबुड्यावरून बोलता. वरची काच अंगठ्यानं दाबतो म्हणून कोपऱ्यात हवा राहते, मला कळतं, पण सवय जात नाही. आता बुडबुडा नाही म्हणूनही मीच चोर? अहो, माझ्या हातानं काच बदलली असती तर बुडबुडा आला असता की!"

त्याच्या बोलण्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं.

पलीकडच्या खोलीत टाइपरायटर चालू होता. क्षणभर थांबला आणि पुन्हा चालू झाला.

"छबूबाई, रविवारी फरशी पुसायला आल्या होतात?"

"आल्ते की. सकाळी. पुसलं, कुलूप घातलं, गेले."

"आणि किल्ली?"

"ऱ्हाती तिथंच. माज्या दाराच्या खिळ्याला." छबूबाई चाचरली. "घरात पाव्हनं हुतं बाई. गल्लीतलं कोन आलं, कोन गेलं, मी कुठं ध्यान दिऊ? ह्या शुभांगीताईंना इचारा, दोन घरं सोडून ऱ्हात्यात."

"मावशींकडे खरंच गर्दी होती," आतून शुभांगी म्हणाली. "बाहेर पोरं पत्ते खेळत होती."

"काय चोरलंय पन?" छबूबाईने विचारलं. "त्या अंगठीवालीचं का? शनवारी म्हनत हुता ती?"

प्रज्ञाला शनिवारची संध्याकाळ आठवली. मायक्रोस्कोपवरून मान वर करून ती मोठ्याने म्हणाली होती, "वय एकोणतीस. आणि अंगठ्या." छबूबाईने कुतूहलाने विचारलं होतं, म्हंजी काय. उत्तर शुभांगीने दिलं होतं. एम.एस्सी.ला तिने कोंबडीच्या गर्भावर काम केलं होतं, त्यामुळे असं काही निघालं की समजावून सांगायचं काम तिचंच असे.

"मावशी, अंड्यात पिल्लू घडतं ना, तेव्हा आधी सगळ्या पेशी हातात हात घालून उभ्या असतात. हात देणारं एक जनुक असतं. मग काहींना दुसरं जनुक सांगतं, हात सोडा, चाला. त्या सुटतात, लांब जातात, कुठे हाड होतं, कुठे नस होते. ठिकाणी पोचल्या की परत हात धरतात. पिल्लू बाहेर आलं की हे चालणं बंद. कॅन्सरमध्ये तोच हात पुन्हा सुटतो."

"म्हंजी पोटातलं लेकरू बी कॅन्सरच व्हय गं?" छबूबाई हसली होती.

"नाही मावशी. लेकराच्या पेशींना थांबायचं कुठे ते माहीत असतं."

हे सांगताना ती हसली नव्हती. प्रज्ञाला ते आत्ता आठवलं.

तिने हॉस्पिटलला फोन लावला. दर गुरुवारी पुण्याहून एक डॉक्टर दुर्बिणीच्या तपासणीला येत. कारकुनाने वही काढली.

"कडूबाई श्रीमंत आठरे. मुक्काम तिसगाव, तालुका पाथर्डी. मागच्या गुरुवारची."

"सोबत कोण होतं?"

"एकटीच होती. रिपोर्ट स्वतः येऊन नेईन म्हणाली."

"चेहरा आठवतो?"

"तोंडाला ओढणी गुंडाळलेली हो. उन्हाचं सगळ्याच गुंडाळतात."

"ओढणी? म्हणजे पंजाबी ड्रेस?"

"होय."

"फॉर्मवर सही आहे की अंगठा?"

कागद चाळल्याचा आवाज आला. "सही आहे मॅडम. इंग्रजीत."

प्रज्ञाने फोन ठेवला. एकोणतीस वर्षांची, पंजाबी ड्रेस घालणारी, इंग्रजीत सही करणारी, आणि नाव कडूबाई. असं नाव आजीच्या पिढीत सापडतं. मुलीच्या वयाच्या बाईचं तिने ते ऐकलं नव्हतं.

"शुभांगी, तू गुरुवारी अर्धा दिवस रजेवर होतीस ना? हॉस्पिटलचे नमुने कोणी आणले?"

"गोरक्षदादांनी. मी बस्त्याला गेले होते." शुभांगीच्या धाकट्या बहिणीचं, रेश्माचं लग्न आठ-नऊ दिवसांवर आलं होतं. हळदीकुंकवाची बोटं लावलेली पत्रिका तिने शुक्रवारीच दिली होती. गडबडीत प्रज्ञाने ती न उघडता पर्समध्ये टाकली होती.

"जेवलीस का?"

"उपास आहे, मॅडम."

"पुन्यांदा उपास!" छबूबाई म्हणाली. "गुरवारी उपास, आज उपास. ताईचा डबा खाऊन मीच जाड झाले."

*

मंगळवारी प्रज्ञा माळीवाड्याच्या स्टँडवरून पाथर्डीच्या एसटीत बसली. करंजीचा घाट चढताना खिडकीचा गज हाताला चटका देत होता. दोन्हीकडची रानं नांगरून उघडी पडली होती. कुठे माणूस दिसत नव्हता.

तिसगावात विचारत विचारत ती आठऱ्यांच्या वस्तीवर पोचली. ओसरीत एक म्हातारी चिंचा फोडत बसली होती. चिंचोके एकीकडे, गर एकीकडे. बोटं काळी पडली होती.

"आजी, कडूबाई श्रीमंत आठरे कुठे राहतात?"

हातोडी हवेत थांबली. "कोन पायजे म्हनला?"

"कडूबाई."

"तुमी कुठल्या?"

"नगरची. डॉक्टर आहे. त्यांची तपासणी झाली होती, त्यासाठी आले."

"कवा झाली तपासनी?"

"मागच्या गुरुवारी."

म्हातारीने हातोडी खाली ठेवली. डोळे बारीक करून तिने प्रज्ञाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "बाई, मी आक्काबाई. कडू माजी ननंद. तिला जाऊन बारा वर्सं झाली. चाळिशी बी गाठली न्हाई तिनं."

मागच्या गोठ्यात एक रेडकू ओरडत होतं. प्रज्ञा ओसरीच्या कडेवर बसली.

"कशानं गेल्या?"

"पोटानं. घास खाली उतरंना. दोन मयन्यांत लाकूड झालं. तिच्या आदी रंगुबाई, तिची थोरली भन, तशीच. त्येच्या आदी आमची सासू. लोकं म्हनत्यात, आठऱ्याच्या लेकींना पोट धार्जिनं न्हाई." ती थांबली. "हिच्या आदीची तीन लेकरं गेल्ती. म्हनून नाव कडू ठिवलं. कडू म्हनलं की मरान तोंड फिरवतंय, आसं वाटायचं जुन्या मानसांना."

"त्यांना मुलं?"

"दोन पोरी. थोरलीनं काय लगीन केलं न्हाई. नगरला शिकली, तितंच नोकरीला ऱ्हायली, धाकटीला आईगत संबाळलं. आता धाकटीचंच लगीन हाय. माजं मालक, उत्तमराव, मामा म्हनून हुबं ऱ्हानार." म्हातारीचा चेहरा जरा उजळला. "ह्ये बघा, मला नवं लुगडं बी घेतलंय. बस्ता पाडव्याच्या दुसऱ्या दिशीच बांदला आमी."

"पाडव्याला? आता गुरुवारी नाही?"

"दोन बस्तं कोन बांदतंय बाई?"

थोरलीचं नाव काय, हे प्रज्ञाने विचारलं नाही.

परतीच्या गाडीत तिने पर्समधून पत्रिका काढली आणि उघडली. दोन ओळी वाचल्या, पुन्हा मिटली. घाट उतरेपर्यंत ती तशीच हातात धरून बसली होती.

*

बुधवारी दुपारी तिने गोरक्षला नमुने आणायला पाठवलं. जाताना म्हणाली, "गोरक्ष, तुझा बुडबुडा मला हवा होता. तू खरं बोललास." तो गोंधळून हसला. छबूबाई घरी गेली होती.

प्रज्ञाने शुभांगीला समोर बसवलं. टेबलावर स्लाइड ठेवली, मिटलेली पत्रिका ठेवली, आणि झेरॉक्स केलेले काही कागद.

"कडूबाई सापडल्या," ती म्हणाली.

शुभांगीने ओढणी सावरली.

"मी आधी चोर शोधत होते, मग पेशंट. दोन माणसं आहेत असं धरून चालले होते. चूक तिथे झाली." प्रज्ञाचा आवाज नेहमीसारखाच होता, रिपोर्ट सांगताना असतो तसा. "काच बदलणाऱ्याला मेणाचं काम येत होतं, पण तो गोरक्ष नव्हता. गोरक्ष अंगठ्यानं दाबतो. ही काच सुईवर टेकवून, एका बाजूनं सावकाश उतरवलेली आहे. असं कॉलेजात शिकवतात. कोंबडीच्या गर्भाची स्लाइड करताना एक बुडबुडा राहिला की मार्क जातात. तुझे कधी गेले नसतील."

"नाही गेले," शुभांगी हळू म्हणाली.

"तीनशे बाराची जुनी स्लाइड तुला वापरता आली नाही, कारण काचेवर कोरलेला आकडा पुसत नाही. नवी करावी लागली. किल्ली खिळ्याला असते हे गल्लीत राहणाऱ्याला ठाऊक. रविवारी मावशी फरशी पुसून गेल्यावर तू आलीस. गोरक्षसारखा एक बुडबुडा मुद्दाम ठेवला असतास, तर मी ती काच निरोगी म्हणून सही करून पाठवली असती. कदाचित शनिवारी मीच चुकले असं धरलं असतं. पण वाईट काम करणं तुझ्या हाताला जमलं नाही."

टाइपरायटरवर अर्धवट कागद लटकत होता. शुभांगीची नजर तिथे होती.

"गुरुवारी बस्ता नव्हता. बस्ता पाडव्याच्या दुसऱ्या दिवशीच झाला, तुझ्या मामींनी सांगितलं. गुरुवारचा उपासही देवाचा नव्हता; दुर्बिणीला उपाशीपोटी जावं लागतं. तोंडाला ओढणी बांधून आईचं माहेरचं नाव सांगितलंस. वय मात्र स्वतःचं दिलंस, कारण वय चुकवलं की रिपोर्टचा अर्थ बदलतो. तेवढं खोटं तुला लिहवलं नाही." तिने पत्रिका उघडून फिरवली. "कैलासवासी सौ. कडूबाई व श्री. भिमाजी नरवडे यांची द्वितीय कन्या. मामा, उत्तमराव श्रीमंत आठरे. शुक्रवारीच वाचली असती तर शनिवारी मी ते वाक्य मोठ्यानं बोलले नसते."

"आणि हे?" शुभांगीने झेरॉक्सकडे बोट केलं. पण ते काय आहे, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"मार्चमधला न्यूझीलंडच्या त्या माओरी घराण्याचा लेख. पुण्याहून मागवला तेव्हा तू दोन दिवस घरी नेला होतास." प्रज्ञाने वंशावळीची आकृती असलेलं पान खिडकीकडे तिरकं धरलं. "हात देणारं जनुकच ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या अर्धं मोडकं येतं, ते घर. काळ्या गोलांशेजारी तू पेन्सिलीनं लिहून खोडलंस. उमटलेलं राहिलं आहे. आजी. रंगुमावशी. आई. पुढे एक गोल तू अर्धाच भरलास. आणि शेवटच्या गोलावर प्रश्नचिन्ह."

शुभांगीने दोन्ही हात मांडीखाली घेतले, थंडी वाजल्यासारखे.

"तुला कधीपासून दुखतंय?"

"दिवाळीपासून."

"आणि मी रोज तुझा डबा छबूबाईकडे जाताना बघत होते," प्रज्ञा म्हणाली. "शनिवारी स्वतःचा रिपोर्ट ऐकलास. रडायचं सोडून छबूबाईला गर्भ समजावून सांगितलास. का, शुभांगी?"

"नऊ दिवस, मॅडम. फक्त नऊ दिवस हवे होते मला." आता ती भराभर बोलायला लागली. "तुम्ही पेशंट शोधायला निघाला असता, मामांच्या दारात गेला असता, आणि वस्तीवर एक शब्द पडला असता की हे पोरींच्या रक्तात आहे. मग रेश्माला कोण करतं? तिनं कोणाचं काय घेतलंय? एकदा अक्षता पडल्या की मीच तुम्हाला सांगणार होते. काच परत ठेवणार होते."

"अक्षता पडल्यावर कळलं असतं तर सासरचे काय म्हणाले असते?"

प्रज्ञाने हातातलं पान तिच्यासमोर ठेवलं.

"फसवून दिली म्हणाले असते. आणि त्या शेवटच्या गोलाचं काय? या जनुकाची चाचणी अजून आपल्याकडे होत नाही. रेश्माला ते आलंय की नाही, आज कोणी सांगू शकत नाही. निम्मी शक्यता. पण तिला ठाऊक असेल तर ती दर सहा महिन्यांनी दुर्बीण घालून घेईल. ठाऊक नसेल तर घास खाली उतरेनासा होईपर्यंत ती उपास धरेल. तिला कधी सांगणार होतीस?"

"लग्नानंतर."

"लग्नानंतर म्हणजे?"

"मूल झाल्यावर... मला माहीत नाही." शुभांगी म्हणाली. "आई गेली तेव्हा मी सतराची होते. तिनं हात धरून सांगितलं होतं, पोट दुखलं तर लपवू नको, रेश्मीलाही सांग. दर वर्षी म्हणायचे, यंदा सांगू. आधी ती लहान होती. मग तिची दहावी होती. मग स्थळं यायला लागली."

प्रज्ञाने विचारलं, "ब्लॉक कुठे आहे?"

शुभांगीने पर्स उघडली. रुमालात गुंडाळलेला मेणाचा ठोकळा आणि एक स्लाइड तिने टेबलावर ठेवली. कोपऱ्यात मोहरीएवढा बुडबुडा होता.

"आधी सीनेच्या पुलावर गेले होते टाकायला. नंबर घातलेली वस्तू मला टाकता येईना."

ब्लॉक उन्हाने कडेला किंचित मऊ पडला होता. आतले तुकडे शाबूत होते. प्रज्ञाने तो उचलून फ्रिजमध्ये ठेवला आणि दार लावून क्षणभर तिथेच उभी राहिली.

"जठर पूर्ण काढावं लागेल," ती पाठमोरीच म्हणाली. "पुण्यात होतं. माणूस जगतो, थोडं थोडं खाऊन जगतो. तुझ्या पेशींनी हात सोडले आहेत, पण अजून फार लांब गेल्या नसाव्यात. महिन्यानंतर मी हे म्हणू शकणार नाही."

ती परत येऊन बसली. चारशे सतराचा फॉर्म तिने समोर ओढला. 'कडूबाई श्रीमंत आठरे' या नावावर एक सरळ रेघ मारली, बारीक, खालचं वाचता येईल अशी. पेन उघडं ठेवून ती थांबली. रस्त्यावरून एक रिक्षा गेली. खाली दुकानदार कोणाला तरी औषध किती वेळा घ्यायचं ते सांगत होता.

"नाव?" प्रज्ञाने विचारलं.

शुभांगीने पत्रिकेवरच्या हळदीच्या बोटाकडे एकदा पाहिलं. मग ताठ बसली.

"शुभांगी भिमाजी नरवडे. वय एकोणतीस," ती म्हणाली. "रेश्माला मी आज सांगते, आणि तिच्या सासरच्यांनाही. लग्न राहो नाहीतर मोडो. माझ्या ऑपरेशनची तारीख याच आठवड्यातली घ्या, मॅडम."